परम्याच्या जंतूची सेन्सिटिव्हिटी: ३२ मिलिमीटरचा झोन ‘सेन्सिटिव्ह’ का नाही

प्रश्न असा आहे. जिल्ह्याच्या गावातली छोटी लॅब. त्वचा आणि गुप्तरोगाच्या डॉक्टरांकडून परम्याच्या, म्हणजे गनोरियाच्या, रुग्णांचे स्वॅब येतात. स्लाइडवर पू-पेशींच्या पोटात ग्रॅम निगेटिव्ह जोडजंतू स्वच्छ दिसतात, पण कल्चर बहुतेक वेळा ‘नो ग्रोथ’. राखाडी किट, म्हणजे सेफिक्झाइम आणि अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांचं पाकीट, घेऊनही पाचव्या दिवशी स्राव चालूच असलेल्या एका रुग्णाचा जंतू मात्र वाढला. चॉकलेट अगरवर (तापवलेलं रक्त घातलेलं वाढीचं माध्यम) औषधांच्या डिस्क लावल्या, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा झोन, म्हणजे डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला गोल, ३२ मि.मी. आला. भिंतीवरच्या तक्त्यात ‘२३ आणि वर सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं, म्हणून तसा रिपोर्ट गेला. हे बरोबर आहे का?

नाही. तो रिपोर्ट मागे घ्या आणि डॉक्टरांना आजच फोन करा. मात्र त्या जागी ‘रेझिस्टंट’ असंही लिहू नका, कारण त्या प्लेटवरून दोन्हीपैकी काहीच सांगता येत नाही.

२३ हा आकडा ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि त्यांच्या भाऊबंदांचा आहे. अमेरिकेच्या सीएलएसआय मानकात गोनोकॉकससाठी, म्हणजे परम्याच्या जंतूसाठी, ३० मायक्रोग्रॅमच्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन डिस्कभोवती ३५ मि.मी. किंवा जास्त झोन असेल तरच जंतू संवेदनशील. हा जंतू मुळात या औषधाला इतका हळवा आहे की नेहमीच्या संवेदनशील वाणाभोवती सहज ४० च्या पुढे झोन पडतो, ई. कोलायच्या मापाने मोजलं तर जवळजवळ प्रत्येक गोनोकॉकस पास होणार, प्रतिकारक असलेलासुद्धा. दुसरी अडचण प्लेटची. ३५ हा आकडा जीसी अगर बेस अधिक १ टक्का ग्रोथ सप्लिमेंट या माध्यमावर ठरवलेला आहे. चॉकलेट अगर जंतू वाढवायला उत्तम, पण त्यावरचा झोन या तक्त्याशी ताडून पाहता येत नाही. पट्टी चुकीची आणि मोजलेलं कापडही दुसरंच, अशी ही गत.

आता ‘नो ग्रोथ’कडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. हा जंतू माणसाच्या ओल्या, उबदार श्लेष्मल त्वचेबाहेर फार वेळ जगत नाही. वाळला की मेला, गारठला की मेला. स्लाइडवर मेलेलाही दिसतो, प्लेटवर फक्त जिवंत वाढतो. म्हणून स्लाइड पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह असं वारंवार होत असेल तर रोग गेला असं समजू नका. तुमच्याकडे पोचेपर्यंत नमुना मेलेला असतो.

नमुना घेण्यापासून पाहा. पुरुषाला उघड स्राव असेल तर स्वॅबवर तोच टिपायचा, आत घालायची गरज नाही. स्राव नसेल तर बारीक स्वॅब मूत्रमार्गात २ ते ३ सें.मी. आत घालून हळू फिरवायचा. स्त्रियांमध्ये नमुना गर्भाशयमुखाच्या आतला हवा: आधी बाहेरचा चिकट स्राव पुसून काढायचा, मग स्वॅब २ सें.मी. आत घालून ५ ते १० सेकंद फिरवायचा. योनीतून वरवर घेतलेला स्वॅब कल्चरला उपयोगी नाही. स्पेक्युलमला जेली लावू नका, कोमट पाण्याने ओला करा. बऱ्याच जेलींमधलं परिरक्षक जंतूला मारतं. लाकडी काडीवरचा कापसाचा स्वॅब हा आणखी एक गुपचूप खुनी, कारण कापसातली फॅटी आम्लं या जंतूला सोसत नाहीत. प्लास्टिक काडीचा रेयॉन, डॅक्रॉन किंवा फ्लॉक्ड स्वॅब वापरा. आणि मधल्या धारेची लघवी गनोरियाच्या कल्चरसाठी पाठवणं बंद करायला सांगा. ती मूत्राशयाच्या संसर्गासाठी असते. परम्याचा जंतू मूत्रमार्गाच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि पहिल्या धारेबरोबरच धुऊन जातो.

सगळ्यात चांगलं म्हणजे रुग्णाच्या शेजारीच प्लेटवर रेघोटी मारणं. ते जमत नसेल तर कोळसा घातलेलं एमीज ट्रान्सपोर्ट माध्यम वापरा. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवा, फ्रिजमध्ये नको. संध्याकाळी आलेला स्वॅब ‘सकाळी बघू’ म्हणून फ्रिजमध्ये सरकवला जातो, आणि सकाळी त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. सहा तासांत प्लेटवर गेला तर उत्तम, २४ तासांनंतर वाढीची आशा झपाट्याने घटते. उन्हाळ्यात एसटीच्या पार्सलमधून येणारा डबा तापतो, तेही लक्षात असू द्या.

प्लेट दोन लावा. एक निवडक माध्यमाची, सुधारित थायर-मार्टिन: त्यात व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन, निस्टॅटिन आणि ट्रायमेथोप्रिम असतं, म्हणून इतर जंतूंची गर्दी कमी होते. दुसरी साध्या चॉकलेट अगरची, कारण काही गोनोकॉकस व्हॅन्कोमायसिनलाच मरतात आणि निवडक प्लेटवर कधीच दिसत नाहीत. घसा आणि गुदाशयाच्या नमुन्यांना निवडक प्लेट हवीच. दोन्ही प्लेट्स आधी खोलीच्या तापमानाला आणा. फ्रिजमधून काढलेल्या गार प्लेटवर स्वॅब फिरवणं म्हणजे वाचलेल्या जंतूंनाही थंडीत लोटणं.

कार्बन डायॉक्साइडचा इन्क्युबेटर नसला तरी अडत नाही. कँडल जार अजूनही चालतो, पण मेणबत्ती पांढरी आणि बिनवासाची हवी. वाढदिवसाच्या रंगीत किंवा सुगंधी मेणबत्त्यांच्या धुरातले घटक वाढ रोखतात. जारमध्ये ओला कापूस ठेवा, कारण या जंतूला दमट हवा लागते. मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवलं की ती आपोआप विझते, तेव्हा आत साधारण ३ टक्के कार्बन डायॉक्साइड झालेला असतो. तापमान ३५ ते ३६ अंश ठेवा, ३७ च्या वर जाऊ देऊ नका. प्लेट्स २४ आणि ४८ तासांनी पाहा, आणि ७२ तास झाल्याशिवाय ‘नो ग्रोथ’ लिहू नका.

कॉलनी अर्धा ते एक मि.मी.ची, करडी, चकचकीत, पारदर्शकतेकडे झुकणारी. ऑक्सिडेज चाचणी (जांभळा रंग आला की पॉझिटिव्ह) लावताना नायक्रोमची लूप वापरू नका, ती स्वतःच खोटा जांभळा रंग देते. लाकडी टोकाची काडी किंवा प्लास्टिक लूप घ्या. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह जोडजंतू, निवडक प्लेटवर वाढलेला: मूत्रमार्गाच्या नमुन्यात एवढ्यावर ‘संभाव्य गोनोकॉकस’ म्हणायला हरकत नाही. पण सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट देण्याआधी ओळख पक्की हवी. गोनोकॉकस फक्त ग्लुकोजपासून आम्ल करतो, मेनिंगोकॉकस ग्लुकोज आणि माल्टोज दोन्हींपासून. घशात निसेरियाच्या निरुपद्रवी जाती ठाण मांडून असतात, आणि त्यांच्यात सेफॅलोस्पोरिनला कमी जुमानणाऱ्या बऱ्याच असतात. ओळख न करता त्यांची सेन्सिटिव्हिटी लावली तर ‘सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-प्रतिकारक गनोरिया’ची खोटी बातमी तुमच्याच लॅबमधून निघेल.

आता डिस्क टेस्ट. जीसी अगर बेसच्या पावडरी दोन प्रकारच्या मिळतात. काही एकपट, तर काही दुप्पट तीव्रतेच्या, म्हणजे हिमोग्लोबिनचं द्रावण बरोबरीने मिसळण्यासाठी बनवलेल्या. डब्यावरचं प्रमाण वाचा, कारण दुप्पट तीव्रतेची प्लेट टणक होते, औषध नीट पसरत नाही आणि झोन लहान दिसतो. सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटमध्ये हिमोग्लोबिन किंवा रक्त घालायचं नाही. ऑटोक्लेव्हनंतर माध्यम ५० अंशांपर्यंत निवलं की लिटरमागे १० मि.लि. ग्रोथ सप्लिमेंट घाला. गरम माध्यमात घातलं तर त्यातली जीवनसत्त्वं जातात आणि मग वाढ विरळ येते. प्लेटमधला अगर ४ मि.मी. खोल हवा, ९० मि.मी.च्या प्लेटला त्यासाठी सुमारे २५ मि.लि. लागतो.

झोन चुकण्याची सगळ्यात जास्त कारणं इनॉक्युलममध्ये, म्हणजे प्लेटवर पसरायच्या जंतूंच्या द्रावणात, असतात. कॉलनी निवडक प्लेटवरच्या थेट घेऊ नका. साध्या चॉकलेट अगरवर एकदा शुद्ध करून, २० ते २४ तासांचीच घ्या. गोनोकॉकस शिळा झाला की स्वतःच फुटतो. ४८ तासांच्या कॉलनी लूपला दोऱ्यासारख्या ताणल्या जातात, गुठळ्या होतात, द्रावण मॅकफारलंड ०.५ (गढूळपणाचं ठरलेलं माप) इतकं गढूळ दिसतं, पण त्यातले निम्मे जंतू मेलेले असू शकतात. मग प्लेटवर जिवंत जंतू कमी पडतात, झोन मोठा येतो आणि प्रतिकारक वाण संवेदनशील वाटतो. द्रावण म्यूलर-हिंटन ब्रॉथमध्ये किंवा पीएच ७ च्या फॉस्फेट बफर सलाइनमध्ये करा, गुठळ्या खाली बसू द्या, वरचा भाग मॅकफारलंड ०.५ ला जुळवा आणि १५ मिनिटांत प्लेटवर पसरा. मध्येच चहाला उठायचं असेल तर द्रावण परतल्यावरच करा.

प्लेटवर डिस्कची दाटी नको. एरवी ई. कोलायच्या प्लेटवर सहा-सहा डिस्क बसवायची सवय असते. इथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे झोन ५० मि.मी.च्याही पुढे जातात, छोट्या प्लेटवर अशा दोन-तीनपेक्षा जास्त डिस्क लावल्या तर झोन एकमेकांत घुसतात आणि मोजायला कडच उरत नाही. डिस्कची डबी फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. गार डबी उघडली तर डिस्कवर बाष्प धरतं, आणि पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनसारखी औषधं ओलाव्यात लवकर मरगळतात. मग ३६ अंशांना, ५ टक्के कार्बन डायॉक्साइडमध्ये २० ते २४ तास.

झोन मागच्या बाजूने, काळ्या पार्श्वभूमीवर, परावर्तित उजेडात, उघड्या डोळ्यांनी मोजा. सीएलएसआयचे आकडे असे: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ३५ आणि वर संवेदनशील, सेफिक्झाइम (५ मायक्रोग्रॅम) ३१ आणि वर, अझिथ्रोमायसिन (१५ मायक्रोग्रॅम) ३० आणि वर. या तिघांना त्या तक्त्यात ‘रेझिस्टंट’चा रकानाच नाही. झोन कमी भरला तर ‘असंवेदनशील’ म्हणायचं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला (५ मायक्रोग्रॅम) ४१ आणि वर संवेदनशील, २७ किंवा कमी प्रतिकारक. भारतातल्या वाणांत ‘प्रतिकारक’ हाच निकाल इतका नेहमीचा की उलटं दिसलं तर टेस्ट पुन्हा करा. स्पेक्टिनोमायसिन (१०० मायक्रोग्रॅम) १८ आणि वर संवेदनशील. पेनिसिलिनच्या १० युनिट डिस्कला १९ किंवा त्याहून लहान झोन असेल तर जंतू बहुधा बीटा-लॅक्टमेज बनवतो. नायट्रोसेफिनची पट्टी पिवळ्याची लाल होऊन ते लगेच सांगते.

प्रत्येक वेळी शेजारी एटीसीसी ४९२२६ हा नियंत्रण वाण, म्हणजे ज्याचे झोन आधीच ठरलेले आहेत असा जंतू, लावा. त्याचा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन झोन ३९ ते ५१, सेफिक्झाइम ३७ ते ४५, अझिथ्रोमायसिन ३० ते ३८, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ४८ ते ५८, आणि पेनिसिलिन २६ ते ३४ मध्ये यायला हवा. पेनिसिलिनचा झोन लहान दिसला म्हणून घाबरू नका, हा वाण पेनिसिलिनला मुळातच कमी दाद देतो. सगळेच झोन एका दिशेने सरकले असतील तर इनॉक्युलम किंवा अगरची खोली तपासा, एकच सरकला असेल तर ती डिस्क. अझिथ्रोमायसिनचं आणखी एक लफडं आहे: कार्बन डायॉक्साइडने अगर आम्लधर्मी होतो आणि आम्लात या औषधाची ताकद घटते. जारमध्ये वायू जास्त झाला की अझिथ्रोमायसिनचा झोन एकटाच आक्रसतो. नियंत्रण वाण मर्यादेत नसेल त्या दिवशीचा रिपोर्ट द्यायचाच नाही, डॉक्टर कितीही मागे लागले तरी.

अमिकासिन, मेरोपेनेम, नायट्रोफ्युरँटॉइन या डिस्क मात्र या प्लेटवर लावू नका. लघवीच्या कल्चरचं छापील पॅनल जसंच्या तसं वापरण्याची सवय फार दिसते. गोनोकॉकससाठी यांचे मान्य आकडे नाहीत. रिपोर्टवर ‘अमिकासिन: एस’ असं छापलं की कोणीतरी ते टोचतंच. जेंटामायसिन सेफॅलोस्पोरिनची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांत वापरतात खरं, पण त्याचाही झोनचा आकडा सीएलएसआयने दिलेला नाही.

झोन शंकास्पद असेल तर एमआयसी काढायची, म्हणजे वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा. अगर डायल्यूशन ही प्रमाण पद्धत, पण एकदोन नमुन्यांसाठी छोट्या लॅबला परवडणारी नाही. ई-टेस्टसारखी, औषधाची चढती मात्रा लावलेली पट्टी पुरते. पट्टी एकदा टेकली की सरकवू नका, औषध स्पर्शाबरोबर उतरतं. वाढ न झालेल्या लंबगोलाची कड पट्टीला जिथे छेदते तो आकडा. दोन खुणांच्या मध्ये आली तर वरचा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची मर्यादा सीएलएसआयमध्ये मि.लि.मागे ०.२५ मायक्रोग्रॅम, युरोपच्या युकास्टमध्ये ०.१२५. म्हणजे ०.२५ चा वाण अमेरिकेच्या तक्त्यात पास, युरोपच्या तक्त्यात नापास. म्हणून रिपोर्टवर एस-आर बरोबर एमआयसीचा आकडा आणि मानकाचं नाव दोन्ही छापा. ०.१२५ पासून पुढचा कुठलाही आकडा दखल घेण्याजोगा आहे, मग अक्षर कुठलंही असो.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनबरोबर सेफिक्झाइम लावाच, आणि ते फक्त पूर्णतेसाठी नाही. राखाडी किटमध्ये वर्षानुवर्षं सेफिक्झाइम ४०० मि.ग्रॅ. आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम दिलं जात आलंय. ज्या औषधाने रुग्ण बरा झाला नाही ते न तपासता दुसरंच तपासून ‘सेन्सिटिव्ह’ म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय पेनए जनुकात (ही औषधं जिथे चिकटतात त्या प्रथिनाचं जनुक) घशातल्या निसेरियांकडून उसने घेतलेले तुकडे आले की आधी सेफिक्झाइम ढासळतं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मागाहून. दोन्ही ढासळलेला एच०४१ हा वाण २००९ मध्ये जपानमधल्या क्योटोत सापडला. २०१५ मध्ये जपानमध्येच सापडलेल्या एफसी४२८ची भावंडं त्यानंतर अनेक देशांत निघाली.

पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करणाऱ्या लॅब जवळ असतील तर त्या निदान चांगलं करतात, विशेषतः घसा, गुदाशय आणि लक्षणं नसलेल्या स्त्रियांमध्ये. पण साध्या पीसीआरमधून सेन्सिटिव्हिटी मिळत नाही. काही किट जायरए जनुकातला ९१व्या जागेचा बदल पाहतात; तो नसेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालेल असं सांगता येतं. आपल्याकडे तो बदल बहुतेकांत असतोच, त्यामुळे युरोप-अमेरिकेत जेवढा फायदा तेवढा इथे नाही. उपचारानंतर लगेच पीसीआर केला तर मेलेल्या जंतूचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो. बरा झाला का हे पाहायला कल्चर ७२ तासांनंतर, पीसीआर दोन आठवड्यांनंतर.

तुमच्या रुग्णाबद्दल. पाचव्या दिवशी स्राव असणं म्हणजे प्रतिकार असंच नाही. उपचार न झालेल्या जोडीदाराकडून पुन्हा लागण होणं जास्त वेळा घडतं. गोळ्या घेतल्यावर तासाभरात उलटी झाली होती का, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम किंवा ट्रायकोमोनास आहे का, हेही डॉक्टरांनी पाहायला हवं. जंतू वाढलाय म्हणजे गोनोकॉकस जिवंत आहे एवढं नक्की. मधल्या काळात संबंध आला नसेल तर उपचार निकामी ठरल्याचा संशय खरा धरा.

जुनी प्लेट अजून २४ तासांच्या आतली असेल तर आजच चॉकलेट अगरवर नवी रेघोटी मारा. वाढ आली की त्यातला भरपूर भाग २० टक्के ग्लिसरॉलच्या ट्रिप्टिकेज सोय ब्रॉथमध्ये घालून उणे ७० अंशांना ठेवा. घरगुती फ्रीजरच्या उणे २० वर हा जंतू फार टिकत नाही. उणे ७० ची सोय नसेल तर ताजी वाढ कोळशाच्या एमीज स्वॅबवर दाट घेऊन, तीन आवरणांच्या पॅकिंगमध्ये, २४ तासांत पोचेल अशा बेताने संदर्भ केंद्राला पाठवा. विदर्भाला नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, आणि देशपातळीवर दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातलं केंद्र हे काम करतं. आधी फोन करा. शुक्रवारी दुपारी निघालेलं पार्सल सोमवारी उघडलं जातं, तोवर आतलं सगळं मेलेलं असतं.

जंतू हातचा गेला असेल तर रुग्णाला पुन्हा बोलवा. येण्याआधी निदान एक तास लघवी केलेली नसावी, आणि दुसरं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी स्वॅब घेतला जावा. घसा आणि गुदाशयाचे स्वॅबही विचारून घ्या. रुग्ण आपणहून सांगत नाहीत, आणि बरा न होणारा जंतू बहुधा घशातच दडलेला असतो. मागच्या रिपोर्टच्या जागी एवढंच लिहा: ‘निसेरिया गोनोऱ्हिया वाढला. आधीची सेन्सिटिव्हिटी अप्रमाणित माध्यमावर केलेली असल्याने रद्द. नवा नमुना पाठवावा.’